स्पीड टेस्ट 94, यूट्यूब झकास, पण क्लासचं लेक्चर अडकतंय. हा नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सगळ्या ॲपना सारखी वागणूक द्यायच्या नियमाचा, भंग का?

अभ्यासिका_लातूर

अभ्यासिकेत 100 एमबीपीएसची फायबर लाइन आहे, केबलवाल्या फ्रँचायझीकडची. संध्याकाळी 7 ते 10 नीटच्या क्लासच्या ॲपवरचं लेक्चर 480 वर ठेवलं तरी दर दोन मिनिटाला गोल फिरत बसतं. त्याच वेळी यूट्यूब 1080 ला बिनतक्रार. स्पीड टेस्ट 94. सकाळी 6 ला तेच ॲप एकदम मोकळं. काय होऊलालंय कळंना. एजंट म्हणतो, "ते ॲप आमच्याकडं प्रायॉरिटीत नाही, महिन्याला 150 जास्तीचे द्या, स्टडी पॅक टाकून देतो." हे नियमात बसतं का? बसत नसेल तर सिद्ध कसं करायचं? गल्लीत दुसरी फायबर नाही.

नांदेड_राउटर

ॲप अडकणं वेगळं आणि 150 मागणं वेगळं. पहिल्यात कुणी मुद्दाम गळा दाबला असेलच असं नाही.

गूगल आणि नेटफ्लिक्स मोठ्या आयएसपीच्या (नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या) रॅकमध्ये स्वतःचे कॅश सर्व्हर, म्हणजे व्हिडिओच्या प्रती साठवणारे सर्व्हर, ठेवतात. त्यामुळे यूट्यूबचा बराचसा व्हिडिओ आयएसपीच्या घरातल्या घरात फिरतो. स्पीड टेस्टही बहुतेक वेळा जवळचाच सर्व्हर निवडते, कित्येकदा त्याच आयएसपीचा. म्हणजे तुमचा 94 हा घरापासून वेशीपर्यंतचा आकडा. वेशीबाहेरच्या रस्त्याचं त्यात काही कळत नाही. क्लासचा व्हिडिओ येतो तो आयएसपीनं विकत घेतलेल्या ट्रान्झिटमधून, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटला जोडणाऱ्या लाइनमधून. ती पाइप संध्याकाळी भरली की पॅकेट (डेटाचे तुकडे) गळतात. वेळेनुसार फरक पडतो ही बहुधा गर्दीची खूण. फायबरमधल्या प्रकाशाची पॉवर तपासत बसू नका, ती खराब असती तर यूट्यूबही रडलं असतं.

आता तपासणी. लॅपटॉप लॅन केबलनं थेट राउटरला जोडा, वायफाय बंद. ब्राउझरमध्ये लेक्चर लावून एफ12 दाबा, नेटवर्क टॅबमध्ये व्हिडिओचे तुकडे ज्या होस्टवरून येतात त्याचं नाव उतरवून घ्या. ॲपच्या मुख्य साइटचं नाव घेऊ नका, व्हिडिओ बहुधा वेगळ्याच सीडीएनवर (व्हिडिओ वाटणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावर) असतो. त्या होस्टला विनएमटीआर लावा, किमान 300 पॅकेट, एकदा पहाटे आणि एकदा रात्री 8 ला. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे हॉपवर, किती पॅकेट हरवतात (लॉस) ते हे सॉफ्टवेअर दाखवतं.

वाचताना लोक इथंच फसतात: मधल्या एखाद्या हॉपवर 60% लॉस दिसतो, पण पुढच्या सगळ्या हॉपवर शून्य. तो लॉस नव्हे, त्या राउटरनं पिंगला उत्तर देणं कमी केलंय एवढंच. लॉस ज्या हॉपला सुरू होऊन शेवटापर्यंत टिकतो, दुखणं तिथं. पहिल्याच हॉपला असेल तर दोष तुमच्या राउटरचा.

व्हीपीएन लावून ॲप सुधारलं तरी लगेच "पकडला!" म्हणू नका. व्हीपीएननं रस्ताच बदलला असेल आणि तो मोकळा असेल. त्यासाठी वेही नावाचं फुकट ॲप बरं. ते एकाच सर्व्हरशी दोनदा बोलतं: एकदा ठरावीक ॲपची खरी ट्रॅफिक, एकदा तीच ट्रॅफिक आतला मजकूर ओळखू येणार नाही अशी करून. रस्ता तोच, त्यामुळे फरक पडला तर तो मजकूर बघूनच. अडचण एवढीच की त्याच्या यादीत मोठीच ॲप आहेत, तुमचं क्लासचं असणं कठीण.

नियमवाला

दीडशेबद्दल. ट्रायचं (दूरसंचार नियामकाचं) डेटा सेवांच्या भेदभावी दरांवर बंदी घालणारं विनियमन 8 फेब्रुवारी 2016 चं. मजकूर बघून डेटाचा दर वेगळा लावायचा नाही, महाग नाही आणि स्वस्तही नाही. फेसबुकचं फ्री बेसिक्स आणि एअरटेल झिरोसारख्या, ठरावीक साइट फुकट देणाऱ्या योजनांचा रस्ता याच नियमानं बंद केला. दंड दिवसाला 50,000, जास्तीत जास्त 50 लाख. तो तुमच्या खिशात येत नाही हे आधीच सांगतो.

वेगाचं कलम वेगळं. दूरसंचार विभागानं 2018 मध्ये परवान्यातच अट घातली: मजकूर अडवणं, दर्जा घालवणं, वेग कमी करणं किंवा कुणाला खास वेग देणं चालणार नाही. वाजवी ट्रॅफिक मॅनेजमेंटला सूट आहे, आणि स्वतःच्या नेटवर्कमधल्या सीडीएनलाही. म्हणून यूट्यूबचा कॅश हा भंग ठरत नाही. 200 एमबीपीएसचा महाग प्लॅनही चालतो, कारण तो सगळ्या मजकुराला सारखा. पण एका ॲपच्या नावानं पैसे मागितले तर वेग मोजायचीही गरज नाही. फक्त ते लेखी हवं: व्हॉट्सॲप मेसेज, पावती, काहीही. आणि परवाना केबलवाल्याचा नसतो, वरच्या आयएसपीचा असतो, तक्रार तिकडं.

तारवाला_परभणी

फ्रँचायझीची बाजूही ऐका की राव. ट्रान्झिटचे पैसे एमबीपीएसवर मोजून द्यावे लागतात, गिऱ्हाईकाला मात्र 400 रुपयांत अनलिमिटेड पाहिजे. सगळी पाइप पाचसहा मोठ्या ॲपनी भरते, त्यांच्याकडून दमडी नाही. सीओएआय, म्हणजे मोबाइल कंपन्यांची संघटना, मोठ्या ॲपकडं वाटा मागते त्यात चूक काय? अमेरिकेतही जानेवारी 2025 ला कोर्टानं नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्दच केले.

नियमवाला

तिथल्या कोर्टानं एवढंच म्हटलं की असे नियम करायचा अधिकार कायद्यानं एफसीसीला (तिथल्या दूरसंचार नियामकाला) दिलेला नाही. आपल्याकडं अट परवान्यात आहे. आणि वाट्याचं म्हणाल तर दक्षिण कोरियात 2016 पासून नेटवर्क कंपन्यांमध्ये डेटा पाठवणाऱ्यानं पैसे द्यायची पद्धत आली. खर्च परवडेना म्हणून ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटनं फेब्रुवारी 2024 मध्ये तिथलं दुकान बंद केलं. ॲमेझॉनच्या मालकीच्या कंपनीला जे झेपलं नाही ते लातूरच्या क्लासच्या ॲपला झेपेल?

नांदेड_राउटर

तारवाला भाऊ, खर्चाचं दुखणं खरं आहे. पण त्यावर औषध दर वाढवणं किंवा ट्रान्झिट वाढवणं. गर्दीत सगळ्यांना थोडं थोडं हळू करा, कुणी नियम काढणार नाही. एकालाच बाजूला काढून त्याच्याकडून सुटकेचे पैसे घेतले की बिघडतं.

अभ्यासिका_लातूर

विनएमटीआर लावलं. पहाटे लॉस 0. रात्री 8:15 ला चौथ्या हॉपपासून शेवटपर्यंत 11 ते 13%, पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) 22 वरून 140 मिलिसेकंद. पहिले तीन हॉप स्वच्छ. स्टडी पॅकचा मेसेज एजंटनं व्हॉट्सॲपवर पाठवलाय.

नांदेड_राउटर

म्हणजे गर्दीच, चौथ्या हॉपच्या तोंडाशी. पिंग एवढा चढतो म्हणजे रांग लागलीय. तक्रारीत "स्पीड येत नाही" लिहू नका, ते स्पीड टेस्टचा 94 दाखवून तिकीट बंद करतील. दोन्ही वेळचे एमटीआर जोडा आणि अपस्ट्रीमची (ट्रान्झिटची) क्षमता संध्याकाळी भरते असं लिहा. तोवर लेक्चर डाउनलोडची सोय असेल तर पहाटे 5 ला उतरवून ठेवा.

नियमवाला

पॅकची तक्रार त्यात मिसळू नका, डॉकेट (तक्रार) नंबर वेगळा घ्या. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत त्याच आयएसपीच्या अपील प्राधिकरणाकडं जा, अपील फुकट असतं. मेसेजचा स्क्रीनशॉट घेताना एजंटचा नंबर आणि तारीख दोन्ही दिसू द्या. आणि 150 अजून भरू नका.