‘कॅच-ऑल’ सर्व्हरला मराठीत काय म्हणावं?

एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची माहिती मराठीत लिहितो आहे. कुठलंही होस्टनेम (साइटचं नाव) आलं तरी उत्तर देणाऱ्या ब्लॉकला, म्हणजे सेटिंगच्या फाईलमधल्या त्या भागाला, ‘सर्वग्राही’ म्हटलंय. ‘सरसकट’ही सुचलं होतं. कोणता शब्द बरा?

—

मला दोन्ही पटत नाहीत. ‘सरसकट’मध्ये निवडच नसते. सरसकट कर्जमाफी म्हणजे अटी न लावता सगळ्यांना. इथे तर आधी कसून निवड होते. विनंतीतल्या होस्ट हेडरवरून, म्हणजे कोणती साइट हवी ते सांगणाऱ्या ओळीवरून, एन्जिनएक्स आधी तंतोतंत नाव शोधतो, मग सुरुवातीला तारांकन (‘इथे काहीही चालेल’ची खूण) असलेली नावं, मग शेवटी तारांकन असलेली, मग रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नावांचे साचे. कुणीच ‘ही माझी’ म्हटलं नाही, तर ती विनंती डीफॉल्ट ब्लॉककडे जाते. म्हणजे बेवारस, शब्दशः वारस नसलेली. मी ‘बेवारस विनंत्यांचा ब्लॉक’ म्हणतो.

हे मला एका घोटाळ्यातून कळलं. एका संस्थेचं डोमेन आम्ही डीएनएसमध्ये (नावावरून मशीनचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) आमच्या मशीनवर वळवलं, पण ब्लॉक लिहायचा राहिला. ब्राउझरमध्ये संस्थेचा पत्ता टाकला, तर समोर एका मंगल कार्यालयाचं भाडेपत्रक! डीफॉल्ट कुणालाच नेमलेलं नव्हतं, आणि अशा वेळी त्या पोर्टवरचा पहिला ब्लॉकच डीफॉल्ट ठरतो. फायली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, त्यात कार्यालयाची फाईल सर्वांत वर होती. आता ‘लिसन’च्या, म्हणजे कोणत्या पोर्टवर ऐकायचं ते सांगणाऱ्या, ओळीत ‘डीफॉल्ट_सर्व्हर’ लिहून वेगळा ब्लॉक ठेवलाय. तो ४४४ देतो, म्हणजे काहीही उत्तर न देता जोडणी तोडतो.

आणि कृपया, ब्लॉकची नावं लिहायच्या ‘सर्व्हर_नेम’ या ओळीतल्या नुसत्या अंडरस्कोरचा (_) अर्थ ‘कोणतंही नाव’ असा देऊ नका. फार जण तसंच समजतात. कुठल्याच खऱ्या नावाशी न जुळणारं ते एक नाव आहे, बस. खरं काम ‘डीफॉल्ट_सर्व्हर’ करतं.

—

अंडरस्कोरचं मी नेमकं तेच लिहिलं होतं, लगेच बदलतो. पण आमच्या सेवेत प्रत्येक दुकानदार स्वतःचं डोमेन जोडतो आणि सगळी डोमेनं त्या एकाच ब्लॉककडे येतात. त्यांना बेवारस कसं म्हणू?

—

त्यांना नाहीच म्हणायचं. त्यांचा वारस तुमच्या डेटाबेसमध्ये आहे, फक्त एन्जिनएक्सला तो ठाऊक नाही. तिथे साधं ‘कोणत्याही नावाचा ब्लॉक’ लिहा. डेटाबेसमध्येही न सापडणारं नाव आलं, तर ते मात्र बेवारस. त्याला दुसऱ्याच कुणाचं दुकान दाखवू नका.