कौतुक कुठंय? हा तर कबुलीजबाब आहे
जुनी कंट्री गाणी (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं लोकप्रिय संगीत) दारूचं कौतुकच करतात, असं कुणी म्हटलं, ते मला अजिबात पटलं नाही. गायक मर्ल हॅगर्डच्या 'द बॉटल लेट मी डाउन'मध्ये (1966) बाटलीसुद्धा प्रेयसीची आठवण पुसू शकत नाही. आणि गायक जॉर्ज जोन्सचं 'चॉइसेस' (म्हणजे निवडी)! बायकोवर खापर नाही, नशिबाला बोल नाही. गाण्यातला माणूस म्हणतो, निवडलं मीच, भोगतोयही मीच. मार्च 1999 मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलजवळ पिऊन चालवताना जोन्सची गाडी पुलावर आदळली, तो मरता मरता वाचला. त्यानंतर सुटली दारू, वयाच्या 67 व्या वर्षी. त्याच वर्षी सीएमए (कंट्री संगीताचे पुरस्कार) सोहळ्यात हे गाणं कापून गायला सांगितलं, तर तो गेलाच नाही. गायक अ‍ॅलन जॅक्सनने मात्र स्वतःचं गाणं मध्येच थांबवून तिथे 'चॉइसेस' गायलं. ती क्लिप जरूर बघा.