मदत हवी आहे: फिलिपिनो भावजयीचा व्हिसा संपलाय, वडील आजारी आहेत. आधी मुदतवाढ की एक्झिट परमिट?

नमस्कार. आम्ही डिचोली तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ क्रूझवर कामाला असतो. भावजय फिलिपिन्सची, त्याच बोटीवर दोघांची ओळख झाली. लग्न गोव्यातच झालं. सब-रजिस्ट्रारकडे पहिली सही, मग मुदत भरल्यावर दुसरी सही, सगळं रीतसर, आणि नोंदणीला तीन वर्षं होऊन गेलीत. त्यानंतर ती मनिलाच्या भारतीय दूतावासातून एक्स-२ व्हिसा घेऊन आली. भारतीय नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला देतात तो हा. पणजीला एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, नोंदणीही झाली. एक मुलगा आहे, दीड वर्षाचा.

हा व्हिसा चवथीच्या आधी संपला. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला होता, त्यामुळे घरात सगळे निर्धास्त होते. अर्ज ज्याच्याकडून भरून घेतला त्याने एफआरआरओच्या ऑनलाइन पोर्टलवर स्वतःचा ईमेल घातलेला. कार्यालयाने आणखी कागद मागितले, ते निरोप त्याच्या ईमेलवर गेले आणि आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. उत्तर न गेल्यामुळे अर्ज बंद झाला. आम्हाला कळलं ते आता, तुळशीचं लग्न झाल्यावर. तिच्या वडिलांना फिलिपिन्समध्ये इलोइलोला अर्धांगाचा झटका आला म्हणून तिकीट काढायला गेलो, तेव्हा ट्रॅव्हलवाल्या बाईंनी रेसिडेन्शियल परमिट मागितलं आणि तारीख बघून म्हणाल्या, ही तर विमानतळावरून परत येईल.

भाऊ बोटीवर आहे, कॉन्ट्रॅक्ट संपायला वेळ आहे. नेट मिळेल तेव्हा फोन करतो. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिची सगळी उठाबस या मुलीने केली. आता तिचे स्वतःचे वडील अंथरुणाला खिळलेत आणि ती इथे रोज रात्री व्हिडिओ कॉलवर त्यांचा चेहरा बघत बसते. मला हे बघवत नाही.

दोन ठिकाणी विचारलं, दोन सल्ले मिळाले. एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, सरळ मुंबईला जा, इमिग्रेशनला दंड भरा, सोडतात. दुसरे म्हणतात एक्झिट परमिट काढा, पटकन होतं. पण एक्झिट परमिटवर गेली तर परत कशी येणार, हे कुणी सांगत नाही. मूल भारतीय पासपोर्टचं. ती तिकडे अडकली तर त्याचं काय? की थोडे दिवस लागले तरी आधी व्हिसाच नीट करून घ्यावा? वडिलांची तब्येत बघता आमच्याकडे थांबायला फार वेळ नाही, पण तिला कायमची अडचण होईल असं काही करायचं नाही.

अजून एक. मुदतवाढीच्या अर्जासोबतच्या हमीपत्रावर नवऱ्याची सही लागते. तो समुद्रावर. अशा वेळी काय करतात?

कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा. ऐकीव नको, प्रत्यक्ष केलेलं सांगा.

प्रतिसाद:

ताई, माझी बायको युक्रेनची. आम्ही म्हापशाजवळ राहतो आणि असाच प्रकार निस्तरलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

विमानतळावर दंड भरून सोडतात हे डोक्यातून काढा. व्हिसा संपलेल्या माणसाला एफआरआरओच्या परवानगीशिवाय बाहेर जाता येत नाही. तिकिटाचे पैसे बुडतील आणि वर चौकशी मागे लागेल. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवा कायदा लागू झालाय. मुदत संपल्यावर राहण्याला त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. घाबरवायला सांगत नाही. रक्कम भरून प्रकरण मिटवायची सोयही त्याच कायद्यात आहे. पण ते काउंटरवर हुज्जत घालून होत नाही, अर्ज करूनच होतं.

मुदतवाढ आणि एक्झिट परमिट या पोर्टलवर दोन वेगळ्या सेवा आहेत. एक्झिट परमिट म्हणजे फक्त बाहेर पडायची परवानगी. व्हिसा त्याने जिवंत होत नाही. परत यायला मनिलाला नव्याने व्हिसा मागावा लागतो, आणि तिथे आधीचा ओव्हरस्टे, म्हणजे मुदत संपून राहिल्याची नोंद, दिसते. तुमच्या घरी लहान मूल आहे, लग्नाची नोंद पक्की आहे, अर्ज वेळेत केल्याचा पुरावा आहे. मी तुमच्या जागी असतो तर मुदतवाढच मागितली असती. वडिलांच्या हॉस्पिटलचं पत्र जोडा, जुन्या अर्जाची पोचपावती जोडा, आणि काय झालं ते एका पानात साध्या भाषेत लिहा. मग तोच कागदांचा संच घेऊन पणजीला प्रत्यक्ष जाऊन भेटा. पोर्टलवरचा अर्ज नुसता वाट बघत बसतो, समोर माणूस असला की निदान नेमकं काय कमी आहे ते कळतं. वडिलांचं अगदीच अत्यवस्थ झालं तर एक्झिट परमिटचा पर्याय तेव्हाही आहेच.

नवं खातं तिच्या स्वतःच्या ईमेलवर उघडा आणि रोज बघा. सहीचं म्हणाल तर भावाने बोटीवर प्रिंट काढून सही करावी आणि स्कॅन पाठवावा, आमचा तसाच चालला. सोबत त्याच्या पासपोर्टची प्रत आणि बोटीच्या कॉन्ट्रॅक्टची प्रत द्या, म्हणजे तो इथे का नाही हे वेगळं समजवावं लागत नाही. चौकशीला पोलीस घरी येतील, तेव्हा ती आणि तुमची आई घरात असू द्या.

एक विचारतो. मुलाच्या जन्माच्या वेळी तिचा व्हिसा चालू होता ना? ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळायला आई-वडिलांपैकी एक भारतीय असून पुरत नाही, दुसरा बेकायदा राहत असलेला नसावा लागतो. मुदत संपून राहिलेलाही त्यात धरतात. पुढे दुसरं मूल व्हायचं असेल तर हे आधी मिटवणं किती गरजेचं आहे ते लक्षात येईल.

आणि व्हिसा एकदा चालू झाला की लगेच ओसीआयच्या, म्हणजे परदेशी जोडीदाराला मिळणाऱ्या कायमच्या प्रवास-वास्तव्य कार्डाच्या, मागे लागा. लग्नाची नोंदणी होऊन दोन वर्षं झाली की जोडीदाराला अर्ज करता येतो, तुमची तर तीन झालीत. मग दरवेळची ही मुदतवाढ संपली.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. मुलाच्या जन्माच्या वेळी व्हिसा चालू होता, नोंदणीचा कागदही आहे. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर लगेच तो शोधून फाइलला लावला.

भावाशी काल बोलणं झालं. आम्ही मुदतवाढच मागतोय. तिलाही तेच हवंय. म्हणाली, बाबांना भेटेन, पण मुलाला सोडून तिकडे अडकणार नाही. मुलाला सोबत नेणार आहे. भारतीय पासपोर्टवर फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, म्हणून दौरा तेवढाच ठेवतोय. हमीपत्र भावाला मेल केलंय. इलोइलोच्या हॉस्पिटलचं पत्र तिच्या बहिणीने पाठवलं, ते इंग्रजीतच आहे, भाषांतराची कटकट नाही.

एकाच ठिकाणी गाडी अडलीय. आमचं घर अजून आजोबांच्या नावावर आहे, लाइट बिलही त्यांच्याच नावाचं. आजोबा वारले, इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टातली वाटणी) झालेली नाही, वारस सहा घरांत विखुरलेत. घरात परदेशी माणूस राहत असल्याचा फॉर्म III (पूर्वीचा फॉर्म सी) भरायचाय, त्यात घरमालक म्हणून कुणाचं नाव घालायचं? आईचं घालून तिचं प्रतिज्ञापत्र आणि पंचायतीचा राहण्याचा दाखला जोडला तर चालेल का? गोव्यात अशी घरं कितीतरी आहेत, कुणीतरी यातून गेलं असेलच. आज रात्री अर्ज भरायला बसतोय, त्याआधी कळलं तर बरं होईल.