चिकणमातीचं आंगण, पावसात पाणी तुंबतं, वर आर्टिफिशियल टर्फ (प्लास्टिकचं गवत) घालायचंय. आधी काय करू?

साखळीकर
नमस्कार मंडळी. गोव्यात साखळी गावाजवळ घर आहे, मागच्या बाजूला ३० बाय २० फुटांचं आंगण. पूर्वी इथे शेत होतं, घर बांधताना वर लाल मातीची भर घातली पण फूटभर खणलं की खाली राखाडी चिकणमाती लागते, पिकास मारला तर नुसता चिकटून बसतो. जुलैत पाऊस थांबला तरी दोन दोन दिवस पाणी हलत नाही, मच्छर वेगळे. खरं गवत पावसात कुजतं आणि एप्रिलात जळतं म्हणून घरात सगळ्यांनी टर्फचा हट्ट धरलाय. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो जमीन लेव्हल करून दोन इंच वाळू टाकू आणि वर टर्फ, त्याला खालून भोकं असतात पाणी आपोआप जातं. दुसरा म्हणतो सगळं पीसीसी (साधं सिमेंट काँक्रीट) करून टाका. शेजारचे म्हणतात सोकपिट (पाणी जिरवायचा शोषखड्डा) मारा. कोणाचं ऐकू? घरात कुत्रा आहे हेही सांगून ठेवतो.

चिरेखाण
भोकं टर्फला आहेत हो, तुमच्या चिकणमातीला कुठे आहेत? टर्फमधून पाणी खाली जाईल, वाळू भिजेल आणि खाली मातीवर येऊन थांबेल. वर नुसतं हिरवं दिसणार आणि पाय ठेवला की पचपच. पहिल्या मोठ्या सरीत ती वाळू एका कडेला वाहून जाते, मग इथे खड्डा तिथे टेंगूळ. मातीतच वाळू मिसळा असं कोणी सांगितलं तर तेही करू नका, थोड्याथोडक्या वाळूने चिकणमाती सुटी होत नाही, उलट सुकल्यावर आणखी घट्ट बसते.

आधी हिशेब बघा. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, तुमच्याकडून वाळपईच्या बाजूला गेलं की आणखी जास्त. ६०० स्क्वेअर फूट आंगणावर एका दिवसात १०० मिमी पडला तर साडेपाच हजार लिटर पाणी झालं, आणि छपराची वळचण त्याच बाजूला असेल तर ते पाणी वेगळं. म्हणून टर्फचं सँपल बघायच्या आधी छपराला पन्हळ लावा आणि ते पाणी बंद पाईपने थेट बाहेर काढा, आंगणात सोडूच नका. अर्धा त्रास बऱ्याचदा तिथेच असतो आणि कॉन्ट्रॅक्टर ते सांगत नाहीत कारण त्यात त्यांचं काही विकलं जात नाही.

मग टेस्ट. फूटभर खोल खड्डा मारा, पाणी भरा, जिरू दे, परत भरा आणि तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. अर्ध्या इंचापेक्षा कमी उतरलं तर जिरवायचा विचार सोडा, पाणी वाहूनच न्यायला लागणार.

आता काम. वरची सैल माती पाच-सहा इंच काढायची आणि खालच्या मातीलाच उतार द्यायचा, घरापासून लांब, १०० ला १ तरी, म्हणजे तुमच्या २० फुटांत अडीच इंच. लोक उतार वरच्या दगडाच्या पावडरमध्ये देतात आणि खालची माती तशीच बशीसारखी ठेवतात, पाणी तर खालीच साचतं ना. उताराच्या टोकाला आडवा चर, फूटभर रुंद दीड फूट खोल, त्यात नॉन-वोव्हन जिओटेक्सटाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) अंथरायचं, थोडी धुतलेली २० एमएम खडी, मग भोकांचा ४ इंची पीव्हीसी पाईप, परत खडी आणि कापड वरून दुमडायचं. पाईपची भोकं खाली, कामगार हमखास वर करून ठेवतात, तिथे उभे राहा. बाकी आंगणात मातीवर कापड, त्यावर ४ इंच खडी आणि वर इंचभर बारीक खडी, प्लेट कॉम्पॅक्टरने (जमीन कुटायच्या मशीनने) कुटून. कापड नसेल तर पावसात चिखल खडीत वर चढतो आणि एक-दोन वर्षांत सगळं परत जाम. खडी साधारण २०० घनफूट म्हणजे दोन ब्रास, कुटल्यावर बसते म्हणून थोडी जास्त मागवा. काम माती सुकी आहे तोवर, मार्च-एप्रिलात. ओल्या चिकणमातीवर मशीन घातली की ती लिंपल्यासारखी होते.

माडाखाली
वरच्यांचं बरोबर आहे, सोकपिटबद्दल माझं थोडं. जांभ्या दगडाच्या जमिनीत, म्हणजे वर डोंगराच्या बाजूला, सोकपिट मस्त चालतो. पण जुन्या शेताच्या जागेत जुलैत जमिनीतलं पाणीच वर आलेलं असतं, खड्डा आधीच भरलेला, तुम्ही त्यात आणखी काय घालणार? आणि सेप्टिकच्या सोकपिटला तर हे पाणी चुकूनही जोडू नका, भर पावसात संडास उलटा येईल. कोणी म्हणेल टिपरभर माती टाकून आंगणच उंच करा, तर पाणी शेजाऱ्याकडे जाणार आणि भांडण पंचायतीत, शिवाय गोव्यात सखल जमिनीत भर घालायला टीसीपी (नगर व ग्राम नियोजन) कायद्याचं १७ए कलम आहे, ते आधी विचारून घ्या.

खरं सांगू तर मी टर्फ घातलंच नसतं. मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी चालून दाखवा. मधे चिऱ्यांची वाट, बाजूला झाडं, खाली हेच ड्रेनेज, निम्म्या खर्चात झालं असतं. पण घरच्यांचा हट्ट म्हणजे विषय संपला 😄

साखळीकर
संपलाच आहे 😄 टेस्ट केली, तासाभरात पट्टीवर धड पाव इंचसुद्धा उतरलं नाही. म्हणजे वाहूनच न्यायचं. पण रस्त्याकडचं गटार फार खोल नाही, दीड फूट खाली पाईप घातला तर तो गटारात पडेल का? आणि कुत्र्याचं कोणी सांगितलं नाही.

फोंडेकरीण
कुत्र्याचं मी सांगते, आमच्याकडे दोन आहेत. वाळूचा थर अजिबात नको, मुताचा वास वाळूत बसतो तो जात नाही, पावसाळ्यात कळत नाही पण ऑक्टोबरच्या उन्हात नाक धरावं लागतं. खडीवर असलं की पाईपने धुतलं की खाली निघून जातं. बहिणीकडे कॉन्ट्रॅक्टरने थेट मातीवर घातलं होतं, मेमध्ये खाली भेगा आणि जूनमध्ये माती फुगून टर्फला लाटा, कडा सगळ्या उचकटल्या. कडेला चिऱ्यांची ओळ सिमेंटमध्ये बसवून घ्या, पण चराच्या बाजूला पाणी जायला फटी ठेवायला सांगा नाहीतर हौद तयार. आणि माडाच्या सावलीत शेवाळ येतं, तिथे खराट्याने घासत राहायचं.

पीसीसी पण अगदीच वाईट नाही बरं का, उतार नीट दिला तर. फक्त वास त्यावरही राहतो आणि उद्या कंटाळा आला तर फोडायचा खर्च.

चिरेखाण
गटाराचं खणायच्या आधी मोजा. गवंड्याकडे पारदर्शक नळी असते, पाणी भरून लेव्हल बघतात ती, एक टोक चराच्या जागी आणि एक गटाराकडे. पाईपचं तोंड गटाराच्या तळापेक्षा निदान चार-सहा इंच वर पडायला हवं, नाहीतर गटार भरलं की तेच पाणी उलटं तुमच्या टर्फखाली. तेवढं मिळत नसेल तर चर उथळ करा, फूटभर चालेल, आणि पाईपला १० फुटांना इंचभर उतार पुरे. तेही बसत नसेल तर कोपऱ्यात चिऱ्यांची छोटी टाकी बांधून फ्लोटचा सबमर्सिबल पंप (पाण्यात बुडवायचा, पाणी चढलं की आपोआप चालू होणारा), पण भर पावसात लाईट गेली की काय ते तुम्हाला सांगायला नको, तो शेवटचा उपाय. टाकी केलीच तर वर मच्छरजाळी. पाईपच्या वरच्या टोकाला एक उभा तुकडा झाकणासकट ठेवा, मे महिन्यात होस घालून आतला गाळ धुता येईल. गटारात सोडायचं पंचायतीत आधी विचारा. आणि लेव्हल काय निघते ते इथे टाका, मग चराची खोली ठरवू.