कल्याणीनगरला ऑफिस, रोज गाडी काढायची नाही, तर पुण्यात घर कुठल्या भागात बघावं?

मूळची_नाशिकची

नमस्कार मंडळी. आम्ही जूनपर्यंत नाशिकहून पुण्यात येतोय. माझं ऑफिस कल्याणीनगरला, मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. मिस्टर घरूनच काम करतात. मुलगी सहा वर्षांची, यंदा पहिलीत जाईल, मराठी किंवा सेमी शाळा हवी. सासूबाई सोबत असतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात, आणि रोज चालायलाच हवं असं डॉक्टरांनी बजावलंय.

आत्ता नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत राहतो, दूध, भाजी, गिरणी, देऊळ सगळं पायी होतं आणि सासूबाईंच्या ओळखी पण त्या येण्याजाण्यातूनच झाल्यात. पुण्यात ब्रोकर लोक सरसकट खराडी वाघोलीचे टॉवर दाखवतायत, ऑफिसला जवळ पडेल म्हणून, आत बाग आहे स्विमिंग पूल आहे सगळं आहे पण गेटच्या बाहेर पाय ठेवला की थेट मोठा रस्ता, कोथिंबीर आणायची तरी अॅप उघडा नाहीतर गाडी काढा. मला ते नकोय. एक स्कूटर आहे तेवढी बास. दार ते दार पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटं चालतील. टू बीएचके भाड्याने. कुठला एरिया बघू?

पौडरोडकर

ताई, तुम्हाला कल्याणीनगर स्टेशन चालत आहे ना, मग अर्धं काम झालं. वनाझ-रामवाडी लाईन धरा आणि त्या लाईनवर पश्चिमेकडे या. वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप. सरळ गाडी, मध्ये बदलायची नाही. 2022 च्या मार्चमध्ये वनाझ ते गरवारे एवढीच सुरू झाली होती तेव्हा लोक पोरांना फिरवायला आणायचे, 2023 च्या ऑगस्टमध्ये रुबी हॉलपर्यंत गेली आणि 2024 च्या मार्चमध्ये रामवाडी, तेव्हापासून खरी ऑफिसची गर्दी दिसायला लागली. माझी बायको आयडियल कॉलनीहून येरवड्याला जाते, गाडीत साधारण अर्धा तास, आणि हा अर्धा तास पावसात पण अर्धाच राहतो. स्कूटरवर संगमवाडी नाहीतर बंडगार्डन पुलावर पाऊस लागला की किती वेळ जाईल कोणी सांगू शकत नाही.

आता हा बहुतेक कोथरूडचा भाग, पण कोथरूड म्हटलं की लोक एकच मोठा एरिया समजतात, तसं नाहीये. कर्वे पुतळ्याच्या पुढे, डहाणूकर, गांधी भवन, तिकडे राहायला छान पण स्टेशनला रिक्षा लागते आणि सकाळी नऊ वाजता जवळच्या अंतराला रिक्षावाला येत नाही. तुम्ही पौड रोड आणि कर्वे रोडच्या मधला पट्टा बघा, रामबाग कॉलनी, मयूर कॉलनी, शिवतीर्थनगर. आत गल्ल्यांना झाडं आहेत, किराणा, गिरणी, पाळणाघर, दवाखाना, संध्याकाळी देवळात कीर्तन प्रवचन, सगळं आहे. मराठी शाळा पण चालत जाण्यासारख्या आहेत. पौड रोड स्वतः मात्र वाईट, गाड्या सुसाट असतात. ओलांडायचा असेल तर मेट्रोच्या स्टेशनात लिफ्टने वर जायचं आणि पलीकडे उतरायचं, तेवढ्यासाठी तिकीट लागत नाही. आयडियल कॉलनीतली बरीच म्हातारी माणसं तेच करतात.

जॉगर्सपार्कजवळ

उलटं पण विचार करून बघा. ऑफिसच्या एरियातच राहिलात तर रोजचा जवळजवळ दीड तास वाचतो, पोरगी लहान आहे, तिला बरं नसलं तर दहा मिनिटांत घरी. मी कल्याणीनगरलाच असतो. आतल्या लेन रुंद आहेत, सावली भरपूर, सकाळी फिरायला याच्यासारखा भाग पुण्यात कमी. मेट्रो सुद्धा आधी नगर रोडनेच जाणार होती, आगाखान पॅलेससमोरून, पण ते राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक त्यामुळे मार्ग वळवून आत आणला, म्हणून स्टेशन आमच्या दारात आलं.

पण खरं सांगतो, तुमच्या सासूबाईंना इथे करमेल असं मला वाटत नाही. फिरायला जागा आहे पण फिरून जायचं कुठे? कॅफे आहेत, सलोन आहेत, रात्री हॉटेलांची गर्दी आणि पार्किंगचा गोंधळ. भाजीचे चार ठेले आहेत ते महाग. मराठी शाळेसाठी बाहेरच जावं लागेल. भाडं पण कोथरूडपेक्षा बरंच जास्त. नवराबायको दोघंच असतात तर मी डोळे झाकून इथेच या म्हणालो असतो.

आजीचा_नातू

मी आजीला रोज घेऊन चालतो म्हणून फक्त चालण्याबद्दल लिहितो. नकाशात सगळं जवळच दिसतं, अडचण फुटपाथवर कळते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये चालायला मोकळी जागा कमीत कमी 1.8 मीटर आणि फुटपाथची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं आहे, पुणे महापालिकेचं पादचारी धोरणही 2016 मध्ये झालं, आणि जंगली महाराज रोडला नवे फुटपाथ केले तिथे जाऊन बघा, आजी एकटी चालते तिथे, बसायला बाकं आहेत, उतार आहेत. औंधच्या डीपी रोडलाही तसंच काम झालंय, पण तिथून तुम्हाला सरळ मेट्रो नाही.

बाकी ठिकाणी काय होतं तर प्रत्येक सोसायटीच्या गेटला फुटपाथ तुटतो. गाडी आत जायला उतार केलेला असतो, म्हणजे माणसाने शंभर पावलांत चार वेळा खाली उतरायचं आणि चार वेळा वर चढायचं. धडधाकट माणसाला हे जाणवत सुद्धा नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला प्रत्येक चढउताराला थांबून, काठी टेकवून, एकेक पाय जपून टाकावा लागतो. आजी शेवटी कंटाळून रस्त्यावरूनच चालते, आणि मागून दुचाकी हॉर्न देत येते. त्यात मध्येच विजेचा डबा, झाडाच्या मुळांनी वर आलेले पेव्हर ब्लॉक, सिग्नलला फुटपाथवर चढवलेल्या बाईक.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळंच शांत असतं. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी संध्याकाळी साडेसहा-सातला सासूबाईंना सोबत घेऊन जा आणि त्या घरापासून देवळापर्यंत, मेडिकलपर्यंत त्यांच्या चालीने चाला. फ्लॅट नंतर बघा. आतली गल्ली, जिथून गाड्यांना दुसरीकडे शॉर्टकट मिळत नाही अशी, तिथे फुटपाथ नसला तरी चालतो कारण रस्ताच निवांत असतो. मला प्रभात रोडच्या आतल्या गल्ल्या त्या दृष्टीने सगळ्यात चांगल्या वाटतात, पण भाडं बघून घ्या.

नारायणपेठी

चालण्याचंच बघताय तर पेठांचं नाव कोणीच का घेत नाही? सदाशिव, नारायण, शनिवार. मंडई, लक्ष्मी रोड, तुळशीबाग, शाळा, वाचनालयं, नाटक, सगळं पायाखाली. 2024 च्या सप्टेंबरपासून मंडईला भुयारी मेट्रो आलीये. मात्र तुम्हाला सिव्हिल कोर्टला बदलावी लागेल, आणि तिथे मंडईवरून येणारी स्वारगेटची लाईन खोल जमिनीखाली आणि रामवाडीची वर पुलावर, सरकते जिने एकामागून एक चढायचे, गर्दीच्या वेळी ते पण वेळ खातं. मी त्यापेक्षा नारायण पेठेतून नदीवरचा भिडे पूल ओलांडून चालत रामवाडी लाईनच्याच डेक्कन स्टेशनला जातो. भिडे पूल पावसाळ्यात खडकवासल्याचं पाणी सोडलं की पाण्याखाली जातो, तेव्हा लांबून जायचं, एवढंच लक्षात ठेवा.

तुमच्यासाठी खरी अडचण लिफ्टची. जुन्या इमारती तीन मजली, लिफ्ट नाही, आणि तळमजला सहसा मिळत नाही. गणपतीचे दहा दिवस आवाज आणि रस्ते बंद, आम्हाला ते हवंच असतं पण आजारी माणूस घरात असेल तर विचार करावा लागतो.

मूळची_नाशिकची

खूप खूप आभार सगळ्यांचे, इतकं नेमकं ब्रोकरने कधीच सांगितलं नसतं. गेटपाशी फुटपाथ तुटतो ते वाचून मी आज आमच्याच रस्त्यावर मुद्दाम बघितलं आणि सासूबाई नेहमी डाव्या बाजूनेच का येतात ते कळलं. आता रामबाग कॉलनी, मयूर कॉलनी आणि परवडलं तर एरंडवणे, म्हणजे प्रभात रोडचा भाग, असं ठरवतेय. दोन शंका. मयूर कॉलनीतून आयडियल कॉलनी स्टेशन रोज चालत खरंच जमतं का? आणि तिकडे जुन्या सोसायट्या रीडेव्हलपमेंटला जातायत असं ऐकलं, भाडेकरूने काय बघायचं?

पौडरोडकर

मयूर कॉलनीच्या पौड रोडकडच्या टोकाहून आरामात जमतं, कर्वे रोडच्या टोकाहून असाल तर अंतर वाढतं, मग नळ स्टॉप की आयडियल कॉलनी ते त्या घरावर ठरेल. तुम्ही स्वतः ऑफिसच्या वेळेला एकदा पाठीवर बॅग घेऊन चालून बघा.

रीडेव्हलपमेंटचं मात्र नीट विचारा, कारण आमच्या आजूबाजूला प्रत्येक गल्लीत एक तरी बिल्डिंग पाडलेली आहे. मालकाला विचारून भागत नाही, त्याला अकरा महिन्यांचं भाडं दिसत असतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठा आणि सरळ विचारा की बिल्डर ठरलाय का, करार झालाय का, प्लॅन महापालिकेत गेलाय का. नुसत्या मीटिंगा चालू असतील तर त्या वर्षानुवर्षं चालतात, घाबरू नका. करार झाला असेल तर ते घर सोडून द्या. शेजारची बिल्डिंग पण बघा, तिथे खोदकाम चालू असेल तर दिवसभर ब्रेकर आणि सिमेंटचे ट्रक, मिस्टर घरून काम करतात म्हणालात आणि सासूबाईंना त्याच गल्लीतून चालायचंय.

आणि शाळा आधी, घर नंतर. चांगल्या मराठी शाळांचे प्रवेश जूनच्या बऱ्याच आधी भरतात, याच आठवड्यात फोन करायला सुरुवात करा आणि जिथे जागा मिळेल तिथून चालत जाता येईल असंच घर शोधा.

आजीचा_नातू

पौडरोडकरांना अनुमोदन. आणि लिफ्ट बघताना पार्किंगपासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत ते मोजा. बऱ्याच जुन्या सोसायट्यांत लिफ्ट असते पण तिच्यापर्यंत जायला चार-पाच पायऱ्या असतात आणि कठडा नसतो. कठडा बसवून द्याल का हे अॅग्रीमेंटच्या आधी विचारा, आमच्या मालकांनी लगेच बसवून दिला होता.