फॉर्च्युनर ऑटोमॅटिक, १ लाख १२ हजार किमी: गिअरबॉक्सचं ऑइल कसं आणि किती बदलायचं?

गोडोलीकर (सातारा)

गाडी फॉर्च्युनर २.८ डिझेल, फोर बाय फोर, सहा गिअरची ऑटोमॅटिक, २०१८ची. मीटरवर १,१२,०००. निम्मं रनिंग हायवेचं, उरलेलं पसरणी घाट आणि यवतेश्वरचा चढ. गिअर नीट पडतात, झटका नाही, स्लिप नाही. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, आजवर एकदाही बदललेलं नाही.

एक जण म्हणतो, हे लाइफटाइम ऑइल आहे, हात लावू नका. दुसरा म्हणतो, मशीन लावून एका दमात सगळं काढू. तिसऱ्याचं म्हणणं, एवढ्या रनिंगनंतर नवं ऑइल घातलं की गिअरबॉक्स बसतोच. गाडीला दिपस्टिक नाही, मग लेव्हल बघायची कुठे? ओळखीच्या गॅरेजमध्ये रॅम्प मिळेल, पण तिथल्या पोरांनी या गाडीचं हे काम केलेलं नाही. सामान काय आणू आणि क्रम काय, कुणी नीट सांगेल का?

शंभरफुटी (सांगली)

लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ, ते कुणी सांगत नाही. वॉरंटी संपेपर्यंतचं धरा.

एटीएफला एकाच वेळी तीन कामं असतात. दाब तयार करून क्लच दाबणं, वंगण आणि थंडावा देणं, आणि क्लच प्लेटा किती घट्ट, किती मऊ धरतील ते ठरवणं. हे तिसरं काम ऑइलमधल्या रसायनांवर चालतं आणि उष्णतेनं पहिल्यांदा तीच मरतात. ढोबळ हिशोब असा की ऑइलचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. पसरणीच्या वळणांवर २०-३० च्या स्पीडला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, आतल्या आत ऑइल घुसळत राहतो, आणि तीच सगळी उष्णता. तुमच्यासारख्या रनिंगला ६० ते ८० हजारांवर बदलायला हवं होतं. अजून उशीर झालेला नाही.

सामान: ऑइल टोयोटा एटीएफ डब्ल्यूएस, दुसरं काही नाही. चेंबरचं (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचं) गॅस्केट, आतली जाळी आणि तिची ओ-रिंग, चेंबरच्या दोन्ही नटांचे आणि भरायच्या नटाचे नवे वॉशर. एक हातपंप पाईपसकट, मापाचं भांडं, छोटा टॉर्क पाना, आणि ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर. स्कॅनरशिवाय हे काम अंदाजपंचे होतं.

क्रमात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी: भरायचा नट सुटतोय का ते बघा, मगच खालचा काढा. तो गिअरबॉक्सच्या बाजूला, सायलेन्सरच्या पाईपजवळ अडचणीत असतो. खालून सगळं ऑइल सोडून दिलं आणि वरचा नट गंजून गोल झालेला निघाला, तर गाडी रॅम्पवरच अडकली.

चेंबरला दोन नट असतात. एक ड्रेनचा, दुसरा लेव्हलचा. लेव्हलच्या नटाच्या आत एक उभी नळी असते, तिच्या तोंडापर्यंत ऑइल असलं की लेव्हल बरोबर. दिपस्टिकचं काम हीच नळी करते.

ऑइल कोमट असताना सोडा. निघेल ते सगळं मापात घ्या, आकडा लिहून ठेवा. साधारण तीन ते चार लिटर निघतं, कारण बाकीचं कन्व्हर्टर, कूलर आणि आतल्या वाटांमध्ये अडकलेलं असतं. मग चेंबरचे बोल्ट कोपऱ्याकोपऱ्यानं ढिले करा. चेंबरमध्ये अजून अर्धा-पाऊण लिटर असतं, सरळ ओढलं की तोंडावर येतं.

आत चुंबक असतात. त्यांच्यावर राखाडी, बुळबुळीत लेप असेल तर ती रोजची झीज, काळजी नको. बोटाला टोचणारे तुकडे किंवा पितळी चकाकी दिसली तर थांबा, फोटो टाका, पुढचं ऑइल भरू नका. चुंबक पुसताना दोरे सुटणारं कापड वापरू नका. एक दोरा सोलेनॉइडमध्ये (ऑइलची वाट उघडझाप करणाऱ्या विजेच्या वाल्वमध्ये) गेला की गिअर अडकायला सुरुवात.

चेंबर परत बसवताना बहुतेकांचा हात जड पडतो. हे बोल्ट चार ते सात न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, म्हणजे छोटं रॅचेट दोन बोटांनी. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला लावा. जास्त आवळलं की चेंबरची कड वाकते आणि गॅस्केट मधल्या मधून बाहेर ढकललं जातं. गळती थांबवायला मग अजून आवळतात, अजून गळतं. गॅस्केटला सिलिकॉन लावायचं नाही. आतल्या बाजूला निघालेला चिकट थर सुटून जाळीत जातो.

गोडोलीकर (सातारा)

एवढं समजलं, धन्यवाद. जेवढं निघालं तेवढंच मोजून भरलं तर चालणार नाही का? तापमानाची भानगड कशाला?

शंभरफुटी (सांगली)

निघालं तेवढं भरणं ही सुरुवात. पण आधीची लेव्हल बरोबर होती याची खात्री काय? सात वर्षांत एखादा सील पाझरला असेल तर तुम्ही कमी लेव्हलच जशीच्या तशी परत कराल.

ऑइल तापलं की फुगतं. थंड असताना नळीपर्यंत भरलं, तर गरम झाल्यावर ते जास्त होतं, फिरणारे भाग त्यात बुडून फेस करतात. फेसाला दाब धरता येत नाही, म्हणून क्लच घसरतो आणि वरच्या ब्रीदरमधून (हवा जायच्या-यायच्या तोंडातून) ऑइल बाहेर फेकलं जातं. उलट फार गरम असताना लेव्हल घेतली तर गाडी थंड झाल्यावर ऑइल कमी पडतं. सकाळी डी टाकल्यावर गाडी दोन सेकंद विचार करते ती बरेचदा यामुळे. त्यातून इंजिन बंद करून लेव्हल बघितली तर आणखी घोळ. इंजिन बंद झालं की वरचं ऑइल चेंबरमध्ये उतरतं, लेव्हल खोटी जास्त दिसते आणि तुम्ही असलेलंही काढून टाकता.

म्हणून: गाडी चारही चाकांवर अगदी सपाट. ट्यूब लेव्हल दाराच्या उंबऱ्यावर ठेवून बघा. निघालं त्यापेक्षा अर्धा लिटर जास्त भरा, म्हणजे जास्तीचं नळीतून बाहेर येईल. एसी, लाइट बंद. एक माणूस सीटवर, पाय ब्रेकवर, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू करून पी, आर, एन, डी असं प्रत्येक ठिकाणी तीन-तीन सेकंद थांबत दोनदा फिरवा, परत पी. हे होईपर्यंत गाडीखाली कुणी जायचं नाही. चाकं हवेत असतील तर डी टाकल्यावर ती फिरणार, हे विसरू नका.

मग स्कॅनरवर नजर. ऑइल ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान आलं की, इंजिन चालू ठेवूनच लेव्हलचा नट काढा. धार आली तर येऊ द्या, धारेचे थेंब झाले की लगेच बंद. काहीच आलं नाही तर बाजूच्या नटातून पंपानं थोडं थोडं भरा. सायलेन्सर तोपर्यंत तापलेला असतो, बाह्या खाली ठेवा.

एक गावठी सल्ला. हे काम एप्रिल-मेमध्ये दुपारी काढू नका. सांगलीकडे तेव्हा सावलीतच ३८-४० असतं, गाडी उभ्या उभ्याच ४० ला पोचते आणि नट हातात येईपर्यंत ५० होतं. पहाटे सहाला घ्या.

कऱ्हाडचा_पाना

वरचं सगळं पटलं. दोन-तीन गोष्टींची भर.

दुकानात नुसतं 'एटीएफ द्या' म्हटलं तर बहुतेक वेळा पॉवर स्टेअरिंगमध्ये टाकतात ते डेक्सरॉन २ किंवा ३ हातात देतात. रंग तोच लाल, पण जातीनं जाड. डब्ल्यूएस पातळ आहे. या गिअरबॉक्सचे सोलेनॉइड आणि लॉकअप (कन्व्हर्टर लॉक करणारा क्लच) त्या पातळपणावर बेतलेले आहेत, म्हणून लाल रंग बघून ऑइल ओळखू नका. डब्यावर डब्ल्यूएस लिहिलेलं आहे का बघा आणि सीलबंद डबाच घ्या. सीव्हीटी आणि डीसीटी या दुसऱ्या जातीच्या ऑटोमॅटिकचं ऑइल तर पूर्ण वेगळं, ते चुकून गेलं तर चालवायच्या आधी काढा.

मशीनबद्दल: 'मशीन' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, कूलरच्या पाईपला जोडून गाडीच्याच पंपाच्या दाबानं जुनं बाहेर, नवं आत. ते चालतं, पण आधी चेंबर उतरवून जाळी बदललेली पाहिजे, नाहीतर जुनी घाण नव्या ऑइलमध्येच फिरते. दुसरी, बाहेरून दाब देऊन आणि केमिकल टाकून धुणं. त्याला एक लाखाच्या वर गेलेल्या गिअरबॉक्सवर माझा साफ नकार.

मला विचाराल तर दोन्ही नको. तीन खेपा करा. हिशोबापुरतं एकूण १० लिटर आणि दर खेपेला ४ निघतं असं धरा. पहिल्या खेपेत ४० टक्के नवं, दुसऱ्यात ६४, तिसऱ्यात ७८. चौथ्याला फायदा कमी, ऑइल वाया. दोन खेपांच्या मध्ये आठवडाभर गाडी चालवा. चेंबर फक्त पहिल्या खेपेला उतरवायचं, पुढे नुसता ड्रेनचा नट. असे १२-१३ लिटर लागतात.

आणि 'नव्या ऑइलनं गिअरबॉक्स बसतो' हे अर्धसत्य आहे. ज्याच्या क्लच प्लेटा आधीच जळल्यात, ऑइलला करपल्याचा वास आहे, चढाला आरपीएम चढतो पण गाडी उठत नाही, त्यात नवं ऑइल घातल्यावर तो बसतो. बसणारच होता, नाव ऑइलचं होतं. तुमचा झटका-स्लिप नसलेला गिअरबॉक्स त्यात येत नाही. पहिल्या खेपेचं ऑइल पांढऱ्या कागदावर टाका: तपकिरी-लाल असेल तर पुढे जा, काळं आणि करपट असेल तर आधी इथे विचारा.

गोडोलीकर (सातारा)

स्कॅनर नसेल तर? ब्लूटूथवाला छोटा अडॅप्टर आहे, इन्फ्रारेड गनही मिळेल.

शंभरफुटी (सांगली)

स्वस्त अडॅप्टर इंजिनचं तापमान दाखवतो, त्याला गिअरबॉक्सचं समजू नका. एटीएफचं तापमान साध्या ओबीडी (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) यादीत येत नाही, टोयोटाचे वेगळे कोड असलेलं ॲप लागतं. गन चालेल, पण चकचकीत धातूवर ती खोटं दाखवते. चेंबरवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून तिच्यावर रोखा. बाहेरचा आकडा आतल्या ऑइलपेक्षा थोडा कमीच असतो, ते लक्षात घेऊन ४० च्या जवळपासच उरका.

जुन्या टोयोटांमध्ये ओबीडी सॉकेटच्या ४ आणि १३ नंबरच्या पिना तारेनं जोडून मीटरवरचा डी दिवा तापमान सांगतो. व्हिडिओ बघून हे करायला जाल तर एक सांगतो: १६ नंबरला थेट बॅटरीचा पॉझिटिव्ह असतो. तार घसरली की फ्यूज गेला, नशीब वाईट असेल तर कंट्रोल युनिटही. अर्ध्या दिवसासाठी कुणाचा तरी चांगला स्कॅनर मागून आणा.

द्राक्षबाग_तासगाव

हायलक्स ऑटोमॅटिकला हेच सगळं लागू का? आणि आमच्याकडे एक छोटी एएमटी गाडी आहे, तिचं?

कऱ्हाडचा_पाना

हायलक्सला तेच २.८ इंजिन, सहा गिअर, ऑइल डब्ल्यूएस. पद्धत तीच. द्राक्षाच्या सिझनला भरलेल्या ट्रॉलीसकट चढ चढवत असाल तर ८० हजारांची वाट बघू नका, ५० ला बदला. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि पुढचं-मागचं डिफरन्शियल यांचं ऑइल वेगळं असतं, त्यांच्यात एटीएफ जात नाही. गाडी वर आहेच तर त्यांचीही लेव्हल बघून घ्या.

एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला वर यंत्र बसवलेलं. त्यात मॅन्युअलचं गिअर ऑइल.

कृष्णाकाठ (सांगली)

पुराचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितोय. २०१९ आणि २०२१ नंतर सांगलीत अशा गाड्यांचा प्रश्न वारंवार येतो, आणि पावसाळ्यात वापरलेली गाडी घेणाऱ्यांनीही हे बघावं.

गिअरबॉक्सला वर एक ब्रीदर असतो. गरम गिअरबॉक्स अचानक गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल गुलाबी, दुधाळ दिसतं, मस्तानीसारखं. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदी असतं, ते पाणी पितं, फुगतं, त्याचा गोंद सुटतो.

अशी गाडी चालू करायची नाही. ओढायचीही नाही, कारण गिअरबॉक्सचा पंप इंजिनवर चालतो आणि नुसती चाकं फिरली तर आत वंगणच नाही. फोर बाय फोर असेल तर सरळ फ्लॅटबेडवर घाला. इंजिन न चालवता ऑइल सोडा, चेंबर उतरवा, जाळी बदला. मग नवं भरून थोडाच वेळ चालवून परत सोडा, दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत. दोन-तीन खेपांत रंग साफ लाल झाला नाही, किंवा ती गाडी आधीच काही किलोमीटर चालवलेली असेल, तर ऑइलवर पैसे घालू नका, गिअरबॉक्स उघडायचाच.

पूर नसतानाही ऑइल असंच गुलाबी दिसलं तर रेडिएटरवर संशय घ्या. ज्या गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या आत असतो, तिथे आतली नळी फुटली की कूलंट गिअरबॉक्समध्ये जातो. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग दिसेल. कूलंटमधलं ग्लायकॉल साध्या पाण्यापेक्षाही वाईट, अस्तराचा गोंद ते लवकर सोडवतं. आधी रेडिएटर, मग ऑइल.

गोडोलीकर (सातारा)

पुढच्या रविवारी पहाटे रॅम्प मिळालाय. डब्ल्यूएस सीलबंद १३ लिटर, जाळी, गॅस्केट, वॉशर सगळं सांगून ठेवतो. निघालेलं ऑइल कशात ठेवू?

शंभरफुटी (सांगली)

झाकणाच्या कॅनमध्ये, गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात जाईल असं. गटारात नको. आणि कॅनवर निघालेले लिटर मार्करनं लिहा, दुसऱ्या खेपेला तोच आकडा लागेल.