सरकारी कर्ज सहज मिळतं म्हणून कॉलेजं फी वाढवतात का?

मुलगी अमेरिकेत मास्टर्स करते आहे. फी यंदाही वाढली. तिच्या वर्गातली तिथलीच मुलं म्हणतात, सरकार हवं तेवढं कर्ज देतं म्हणून कॉलेजं फी वाढवत सुटलीत. आम्हाला त्या कर्जातलं काहीच मिळत नाही, फी मात्र तेवढीच. यात तथ्य आहे का?

प्रतिसाद १
मी तिथल्या एका खासगी कॉलेजच्या आर्थिक मदत विभागात अकरा वर्षं होते. हा आरोप जुना आहे. अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी तो १९८७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये केला होता. सरसकट तो खरा नाही, पण मास्टर्सबाबत मला पटतो. पदवीच्या मुलांना किती सरकारी कर्ज मिळेल, याला वार्षिक मर्यादा असते. मास्टर्ससाठी मात्र २००६ पासून 'ग्रॅड प्लस' आलं. त्यात कॉलेज जेवढा खर्च सांगेल, त्यातून इतर मदत वजा करून उरलेलं सगळं कर्ज मिळायचं. म्हणजे मर्यादा ठरवणारं कॉलेजच! 'मुलांना झेपेल का' यावर आमच्या बैठकीत पदवीसाठी तास जायचा. मास्टर्सचा विषय पाच मिनिटांत संपायचा, 'कर्ज आहेच की.' मी तेव्हा गप्प बसले, ते आजही बोचतं.

आणखी एक. गरीब मुलाला सरकारची पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, वाढून मिळाली की आम्ही कॉलेजची सवलत तेवढी कमी करायचो. जाहीर फी तीच राहायची, मुलाच्या हाती काहीच जास्त लागायचं नाही.

प्रतिसाद २
सरकारी विद्यापीठांचं वेगळं आहे, ताई. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी अनुदान कापलं, तो खड्डा फीने भरला. मदतीला दोष देणारे हे विसरतात. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांबद्दल मात्र तुमचं खरं. सेलिनी आणि गोल्डिन या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात, सरकारी मदतीला पात्र असलेल्या अशा संस्थांची फी तशाच अपात्र संस्थांपेक्षा सुमारे ७५ टक्के जास्त निघाली.

प्रश्नकर्ता
ग्रॅड प्लस बंद होतंय म्हणे. मग फी उतरेल?

प्रतिसाद १
२०२५ च्या कायद्याने नव्या कर्जदारांसाठी ते १ जुलै २०२६ पासून बंद, आणि मास्टर्सला वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा. दादा, जाहीर फी उतरलेली मी कधी पाहिली नाही. उतरते ती सवलतीच्या रूपात, तीही मागणाऱ्याला. मुलीला सांगा, पुढच्या सत्राची फी ठरण्याआधी विभागप्रमुखांना लिहून फीमाफी आणि असिस्टंटशिप (विभागात पगारी काम) दोन्ही माग. आमच्याकडे उशिरा आलेले अर्ज आम्ही उघडतही नसू.